डीएमएफच्या लाइनवर एसजीपीटी वाढलं: जनुकांची तपासणी करून काही हाती लागेल का?

अंबड_सेफ्टी
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडमधलं एक पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं युनिट आहे, नाव अर्थातच देत नाही. सॉल्व्हंट म्हणजे मुख्यतः डीएमएफ, डायमिथाइल फॉर्मामाइड. वार्षिक तपासणीत दोघांचं लिव्हर बिघडलेलं निघालं.

पहिला मिक्सिंगवरचा, वय २६. रक्तातली लिव्हरची एन्झाइम: एसजीपीटी २१२, एसजीओटी ११८, अल्कलाइन फॉस्फटेज ९८. बिलिरुबिन नॉर्मल. पोटात वरच्या बाजूला दुखतं आणि बिअर घेतली की तोंड लालबुंद होतं म्हणतो.
दुसरा ओव्हनच्या तोंडाशी असतो, वय ४२. एसजीपीटी ८१, एसजीओटी ६४, प्लेटलेट २.१ लाख, सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर. पोट सुटलेलं, शुगर काठावर.

बाकीच्यांचे रिपोर्ट ठीक आहेत. आता एका लॅबने मॅनेजमेंटला 'लिव्हर जीन पॅनेल' विकायला काढलंय: सीवायपी२ई१, जीएसटीएम१, जीएसटीटी१, एनएटी२, पीएनपीएलए३. सगळ्यांची तपासणी करायची आणि ज्यांची जनुकं 'कमकुवत' निघतील त्यांना लाइनवरून हलवायचं, असा विचार चाललाय. यात शास्त्र किती आणि धंदा किती?

गोदातीर
शास्त्र आहे, पण या कामासाठी नाही. आधी २६ वर्षांच्या मुलाचं बघा, तो प्रश्न आजचा आहे.

एसजीपीटी २१२ भागिले वरची मर्यादा ४० म्हणजे ५.३. अल्कलाइन फॉस्फटेज ९८ भागिले १२० म्हणजे ०.८२. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ६.५. हा आकडा ५ च्या वर असेल तर इजा यकृताच्या पेशींना झालेली असते, २ च्या खाली असेल तर पित्ताच्या वाटेला. म्हणजे इथे पेशींना. त्यात एसजीपीटी हे एसजीओटीपेक्षा जास्त. दारूच्या लिव्हरमध्ये बहुधा उलटं, एसजीओटी दुपटीच्या घरात जातं. पोटदुखी आणि दारूने चेहरा लाल होणं ही तर डीएमएफची ठरलेली खूण. डीएमएफ अल्डिहाइड मोडणारं एन्झाइम अडवतं, त्यामुळे दारूपासून शरीरात बनणारं अल्डिहाइड रक्तात साचतं. संपर्कानंतर चार दिवसांपर्यंतही हा प्रकार होऊ शकतो, म्हणून शनिवारी सुटलेला माणूस रविवारी रात्री 'बिअर भेसळीची होती' म्हणतो.

त्याला उद्यापासून सॉल्व्हंटपासून लांब ठेवा. हेल्पर म्हणून त्याच शेडमध्ये नव्हे, दुसऱ्या इमारतीत. सोबत हिपॅटायटिस बी आणि सी, पावसाळ्याचे दिवस असतील तर ए आणि ई, शिवाय पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) करून घ्या. एसजीपीटीचं रक्तातलं अर्धायुष्य साधारण ४७ तासांचं. संपर्क तुटला की दोन-तीन आठवड्यांत आकडा निम्म्याच्या खाली यायला हवा. नाही आला तर दुसरं कारण शोधायचं. आणि एसजीपीटी तिपटीच्या वर असताना बिलिरुबिनही दुपटीच्या वर गेलं, तर वाट न बघता पोटविकारतज्ज्ञाकडे. त्या जोडीत दर दहांतला एक जण दगावण्यापर्यंत किंवा यकृत-प्रत्यारोपणापर्यंत जाऊ शकतो.

जनुकांचं रात्री सविस्तर लिहितो.

त्र्यंबकरोड
एक शंका. एकाच हवेत वीस जण काम करतात आणि दोघांनाच होतं. मग त्या दोघांत काहीतरी वेगळं असणारच ना? जनुकं नाहीत तर काय?

मोजमाप
एकाच हवेत वीस जण, हे कोणी मोजलंय? मिक्सिंगवाला ड्रम उघडतो, बादलीने ओततो, पॅडल पुसतो. गुंडाळी काढणारा पंधरा फुटांवर उभा. शेड एक, पण दोघांचा डोस एक नाही. डीएमएफचं अर्धं दुखणं त्वचेचं आहे: द्रव तर जातोच, वाफसुद्धा त्वचेतून आत जाते. म्हणजे नुसता मास्क लावून काम अर्धवटच.

हातमोजे कोणते आहेत तेवढं आधी सांगा. मी पैज लावतो, निळे नायट्राइल.

अंबड_सेफ्टी
पैज जिंकलात. नायट्राइलच आहेत, पातळवाले, शिफ्टला एक जोडी.

मोजमाप
मग अर्धं उत्तर मिळालं. डीएमएफ पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांत पार होतं. वरून फाटलेलं काही दिसत नाही, आत हात ओलसर राहतो, आणि घामाने ओला झाला असं वाटतं. उलट मोज्याच्या आत अडकलेलं सॉल्व्हंट उघड्या हातापेक्षा वाईट, कारण उडून जायला वाट नाही. डीएमएफला ब्यूटाइल रबर लागतं, ते पूर्ण शिफ्ट टिकतं. किंवा आत लॅमिनेट फिल्मचा मोजा आणि पकड यावी म्हणून वर नायट्राइल.

पण हाच ब्यूटाइल मोजा टोल्युइनला कुचकामी आहे. टोल्युइन आणि ट्रायक्लो, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन, यांना व्हायटॉन किंवा पीव्हीए. आणि पीव्हीएचा मोजा पाण्यात विरघळतो, तो धुवायचा नाही. तुमच्या मिक्सिंगमध्ये डीएमएफसोबत टोल्युइन किंवा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) असणार, तेव्हा लॅमिनेटच घ्या. स्टोअरवाला 'केमिकल ग्लोव्हज' एवढंच लिहून मागवतो, तिथे सगळं बिघडतं. मागणीपत्रावर मटेरियल आणि जाडी लिहायची.

हवेसाठी: कामगाराच्या कॉलरला सिलिका जेलची नळी, छोटा पंप, पूर्ण शिफ्ट, मग गॅस क्रोमॅटोग्राफी. कोळशाची नळी डीएमएफला नको. एसीजीआयएच या अमेरिकन संस्थेची मर्यादा पूर्वी १० पीपीएम होती, २०१८ मध्ये ५ केली. जुन्या एसडीएसवर (रसायनाच्या सुरक्षा-माहितीपत्रकावर) अजून १० च छापलेलं असतं. वाफ ओढून घेणाऱ्या हुडच्या तोंडाशी हवेचा वेग निदान ०.५ मीटर प्रति सेकंद हवा. तो तपासायला धुराची नळी मिळते. उदबत्ती लावून बघू नका, डीएमएफचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) ५८ अंश आहे आणि शेजारी टोल्युइनचं पिंप उघडं असतं.

गोदातीर
आता जनुकं.

डीएमएफ यकृतात सीवायपी२ई१ या एन्झाइमने फुटतं. त्यातून एनएमएफ (एन-मिथाइलफॉर्मामाइड) बनतं, आणि पुढच्या पायरीवर मिथाइल आयसोसायनेटसारखा जहाल रेणू तयार होतो असं मानलं जातं. होय, भोपाळवालाच, पण अगदी किंचित, शरीराच्या आत. त्याला ग्लुटाथायॉन हा पेशींतला विष बांधणारा रेणू पकडतो आणि ते एएमसीसी या रूपात लघवीवाटे जातं. म्हणजे एक हात विष घडवतो, दुसरा ते बांधून बाहेर टाकतो. पहिला हात चपळ आणि दुसरा लुळा असलेल्याला जास्त इजा, हे तर्काला धरून आहे. जीएसटीएम१ आणि जीएसटीटी१ ही ग्लुटाथायॉन जोडणाऱ्या एन्झाइमांची जनुकं, आणि काही लोकांत ती मुळातच गायब असतात. युरोपीय लोकांत जीएसटीएम१ नसणारे निम्मे. आपल्याकडे त्याहून कमी, तरी भरपूर. इतक्या लोकांना 'कमकुवत' म्हणून हलवायचं तर लाइन चालवायला माणसं कुठून आणणार?

आणि सीवायपी२ई१ किती चालतं हे जनुकापेक्षा माणसाच्या सवयी आणि प्रकृती जास्त ठरवतात. रोजची दारू, लठ्ठपणा, मधुमेह, लांबलेला उपास, या सगळ्यांनी ते वाढतं. तैवानच्या कृत्रिम चामड्याच्या कारखान्यांत डीएमएफने लिव्हर कोणाचं जास्त बिघडलं? हिपॅटायटिस बीचे वाहक आणि वजन जास्त असलेले. या दोन्ही गोष्टी जीन पॅनेलपेक्षा फार स्वस्तात कळतात.

त्र्यंबकरोड यांच्या प्रश्नाचं माझ्या मते सगळ्यात पक्कं उत्तर अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका कापड-कोटिंग कारखान्यात आहे. अहवाल १९८८ मध्ये छापून आला. तिथे डीएमएफ उघड्यावर वापरत होते. उत्पादनातल्या ४६ पैकी ३५ जणांची एन्झाइम वाढलेली, आणि उत्पादनाबाहेरच्या १२ पैकी एकाची. चारातले तीन आजारी पडतात तेव्हा जनुकांना विचारतं कोण? संपर्क भरमसाट असला की बहुतेक सगळे आजारी, शून्य असला की जवळपास कोणी नाही. जनुकांचा फरक दिसतो तो मधल्या पट्ट्यात. तेव्हा तुमच्याकडे दोघंच निघाले याचा अर्थ एवढाच की युनिट त्या मधल्या पट्ट्यात आहे.

जुना_सातपूरकर
डॉक्टर, मधल्या पट्ट्यात आहे की नाही हेही तपासून घ्या. कंत्राटी मुलं तीन महिन्यांत पोटदुखीने काम सोडून जातात, ठेकेदार नवी आणतो. वार्षिक तपासणीत सापडतात ते टिकलेले. 'बाकीच्यांचे रिपोर्ट ठीक' यातले बाकीचे म्हणजे कोण? ठेकेदाराच्या हजेरीपटातून गेल्या वर्षात सोडून गेलेल्यांची यादी काढा, मिक्सिंग आणि ओव्हनवरचे वेगळे करा.

पॅनेलबद्दल स्पष्ट बोलतो. याचा पुढचा अंक असा, की 'तुझ्या जनुकात दोष, कंपनीची चूक नाही' म्हणून भरपाई नाकारायची. अमेरिकेत असल्या कारणांसाठी २००८ मध्ये जीना नावाचा वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, म्हणून रक्त द्यायच्या आधीच विचार करावा.

कायद्याने काय करायचं ते आधीच लिहिलेलं आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात ४१-सी खाली धोकादायक प्रक्रियेवर घेण्यापूर्वी तपासणी, नंतर बारा महिन्यांच्या आत पुन्हा, आणि आरोग्याची नोंद कामगाराला बघायला मिळालीच पाहिजे, असं होतं. त्याच्याच कलम ८९ खाली तिसऱ्या अनुसूचीतला रोग आढळला की कळवणं बंधनकारक होतं, व्यवस्थापकालाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. 'विषारी पदार्थांमुळे होणारी कावीळ' त्या यादीत होती. कामगार ईएसआयचा (राज्य कामगार विम्याचा) असेल तर कार्ड घेऊन सातपूरच्या रुग्णालयात जाताना केसपेपरवर नुसतं 'कावीळ' नको, रसायनाचं नाव आणि काम लिहून घ्या. ती एक ओळ नसली की पुढे व्यवसायजन्य आजार सिद्ध करताना सगळे हात वर करतात.

पंचवटी_पॅथ
नमुन्यांबद्दल थोडं, कारण अर्धी भांडणं इथेच मिटतात.

कारखान्यातल्या कॅम्पमध्ये रक्त घेतात, ट्यूब उन्हात गाडीत राहतात, संध्याकाळी लॅबला पोचतात. तांबड्या पेशी फुटल्या की एसजीओटी आणि एलडीएच खोटं वाढतं, एसजीपीटीला त्या मानाने कमी धक्का बसतो. एकटं एसजीओटी वाढलेलं दिसलं तर आधी सिरम लालसर होतं का विचारा, मग सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) करा. दिवसभर ड्रम ढकलणाऱ्याचं एसजीओटी स्नायूंमधूनही येतं. पिवळ्या टोपीची जेल ट्यूब घ्यायची, अर्धा तास गोठू द्यायची, तिथल्या तिथे सेंट्रिफ्यूज. बिलिरुबिन उजेडात उतरतं, ट्यूब झाकून ठेवावी.

लघवीतल्या एनएमएफचा नमुना शिफ्ट संपताना. हात धुऊन, कामाचे कपडे बदलून, मगच बाटली हातात. नाहीतर बाहीवरचं सॉल्व्हंट बाटलीत जातं. एनएमएफ त्या दिवसाचं सांगतं. एएमसीसी सावकाश निघतं, आठवडाभर साठत जातं, म्हणून तो आठवड्याच्या शेवटच्या शिफ्टनंतर. क्रिएटिनिन सोबत मागा. ०.३ ते ३ ग्रॅम प्रति लिटरच्या बाहेर असेल तर नमुना पुन्हा. ओव्हनजवळचे लोक इतके घामाने निथळतात की लघवी घट्ट होऊन आकडा फुगतो.

आणि एक, ज्यावर माणसं विनाकारण घरी बसवली जातात: बिलिरुबिन २.१, त्यातलं इनडायरेक्ट १.७, बाकी सगळं नॉर्मल. हे बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम, यूजीटी१ए१ जनुकातला निरुपद्रवी फरक. उपाशीपोटी ते आणखी वाढतं, आणि कॅम्पला तर सगळे उपाशीच बोलावलेले असतात. जेवण झाल्यावर पुन्हा तपासा, सोबत रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) आणि हिमोग्लोबिन.

गोदातीर
ताई, रेटिक्युलोसाइटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ॲनिलीन, नायट्रोबेन्झीनसारख्या रसायनांवर काम असेल आणि माणसात जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद होते, डोळे पिवळे. लिव्हर धडधाकट असताना कावीळ म्हणून उपचार चालतात. जी६पीडी ही साधी एन्झाइमची तपासणी आहे. मात्र पेशी फुटण्याचा झटका चालू असताना केली तर खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण कमी एन्झाइमवाल्या जुन्या पेशी आधीच गेलेल्या असतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

अंबड_सेफ्टी
मोठी मदत. दुसऱ्या माणसाचं, ४२ वर्षांच्या, काय करू? नेटवर फिब-४ चं (लिव्हरमधल्या फायब्रोसिसचा, म्हणजे व्रण साठण्याचा अंदाज देणारं) सूत्र मिळालं, पण उत्तर १४२ येतंय. मर्यादा तर २.६७ आहे म्हणे!

पंचवटी_पॅथ
प्लेटलेट लाखात टाकले असणार. आपल्या रिपोर्टवर २.१ लाख छापतात, सूत्रात २१० टाकायचे. ४२ गुणिले ६४ म्हणजे २६८८. खाली २१० गुणिले ८१ चं वर्गमूळ ९, म्हणजे १८९०. उत्तर १.४२. १.३ च्या खाली असतं तर निश्चिंत, २.६७ च्या वर असतं तर काळजी. हा मधला, तेव्हा फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी), तीन तास उपाशी राहून. ८ केपीएच्या खाली आलं तर पुढे गेलेला फायब्रोसिस नाही असं धरतात.

पहिल्या मुलाला हे सूत्र लावू नका. ताज्या हिपॅटायटिसमध्ये आणि ३५ वर्षांखाली त्याचा भरवसा नाही.

गोदातीर
याच माणसाबद्दल मोह होतो 'फॅटी लिव्हर आहे, घरचंच दुखणं' म्हणायचा. पीएनपीएलए३ मधला फरक असलेल्यांत चरबी जास्त साठते हे २००८ पासून माहीत आहे आणि आपल्याकडे तो सर्रास आढळतो. पण सॉल्व्हंटनेही फॅटी लिव्हर होतं, अगदी सडपातळ माणसाला. केंटकीतल्या व्हिनाइल क्लोराइडच्या कामगारांत, लठ्ठ नसलेल्या आणि भरपूर संपर्क झालेल्या २५ जणांच्या बायोप्सी बघितल्या, ८० टक्क्यांत चरबीसोबत सूज निघाली, आणि बहुतेकांचं एसजीपीटी नॉर्मल होतं. तेव्हा एसजीपीटी नॉर्मल म्हणून लिव्हर नॉर्मल असंही नाही. दुसऱ्याला वजन आणि शुगरचा सल्ला द्या, आणि ओव्हनपासूनही हलवा. दोन्ही एकदम. एक महिन्याने एसजीपीटी ८१ वरून ४५ वर आलं तर कारण बऱ्यापैकी उघड होईल, वजन एका महिन्यात तेवढं उतरत नाही.

त्र्यंबकरोड
म्हणजे जनुकाची तपासणी कुठेच उपयोगाची नाही?

गोदातीर
एक जागा आहे जिथे दुवा खरंच घट्ट आहे. ट्रायक्लो. सातपूर-अंबडच्या छोट्या जॉबशॉपमध्ये डिग्रीजिंगला (धातूच्या भागांवरचं तेल-ग्रीस काढायला) अजून सापडतं. काहींना काम सुरू केल्यापासून दोन ते पाच आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं आणि सोबत जोरदार हिपॅटायटिस होतो. चीनच्या ग्वांगडोंगमध्ये अशा रुग्णांत एचएलए-बी या रोगप्रतिकाराच्या जनुकाचा एचएलए-बी*१३:०१ हा प्रकार फार जास्त आढळला. कुष्ठरोगाच्या डॅप्सोन गोळीची जीवघेणी ॲलर्जीही याच प्रकाराशी जोडलेली आहे, आणि भारतीयांत तो १ ते १२ टक्क्यांपर्यंत असतो, समाजागणिक वेगळा.

तरीही, धरून चाला: हजार कामगार, त्यात ५० जण वाहक, आणि आजारी पडणारे पाच. सगळे आजारी वाहकांतलेच निघाले असं मानलं तरी ४५ जणांना विनाकारण काढलं जाईल. त्याऐवजी नवीन माणसाला पहिले दोन महिने दर आठवड्याला तीन प्रश्न विचारा: ताप? पुरळ? खाज? एका प्रश्नाला जरी हो आलं तरी त्याच दिवशी टाकीपासून दूर, आणि लिव्हरची तपासणी. यात पुन्हा त्या कामावर पाठवणं नाही, कधीच. ॲलर्जीत डोस कमी करून भागत नाही. लाल पुरळावर गावठी मलम आणि 'उष्णता झाली' इथे दोन दिवस गेले तर ते महाग पडतात.

मोजमाप
आणि टाकी सुधारा. ट्रायक्लोची वाफ हवेच्या साडेचारपट जड, ती टाकीत बसून राहते, जोवर कोणी ढवळत नाही. टाकीच्या रुंदीच्या निदान पाऊणपट उंचीचा कठडा वाफेच्या पातळीच्या वर हवा, कूलिंग कॉइल चालू, आणि बास्केट मिनिटाला ३.३ मीटरपेक्षा जोरात ओढायची नाही. वर पंखा लावला असेल तर काढा. तो वाफ थेट तोंडावर आणतो. वाकून हाताने भाग काढणं बंद. जमत असेल तर पाण्यावरचं अल्कलाइन डिग्रीजर.

द्राक्षबाग_दिंडोरी
विषय कारखान्याचा आहे, तरी विचारतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पेस्टिंग करणाऱ्या मजुरांनाही दारूने असंच तोंड लाल होणं, धडधड, उलटी होते. तेही लिव्हरच का?

गोदातीर
पेस्टिंगचं, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावायचं, हायड्रोजन सायनामाइड. तेही अल्डिहाइड मोडणारं तेच एन्झाइम अडवतं. म्हणून चित्र सारखं. पण त्यावरून लिव्हर खराब झालं असं ठरत नाही, ती फक्त संपर्क झाल्याची खूण. पेस्टिंगच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारू पूर्ण बंद. ब्रशने लावताना कोपरापर्यंत रबरी मोजे, पेस्टची बादली आणि पाण्याची कळशी एका जागी नको. कोरियन-चिनी लेखांत एएलडीएच२ या त्याच एन्झाइमच्या जनुकाचा उल्लेख सारखा येतो, कारण तिकडे तो फरक सर्रास आहे. आपल्याकडे विरळ. तेव्हा आपल्या मजुराचं तोंड अचानक लाल व्हायला लागलं तर जन्मजात म्हणून सोडून देऊ नका, रसायन शोधा.

जुना_सातपूरकर
गुळवेलाचं कोणीतरी लिहा. लिव्हर बिघडलं की पहिला काढा तोच.

पंचवटी_पॅथ
गुळवेलाने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस कोविडच्या काळात मुंबईतून छापून आल्या आहेत. तपासणीआधी प्रत्येकाला विचारायचं: काढे, जिमची पावडर, पॅरासिटामॉल, टीबीची औषधं. टीबीच्या आयसोनियाझिडला, ते मोडणारं एनएटी२ एन्झाइम सावकाश असलेले लोक जास्त बळी पडतात, आणि आपल्याकडे असे निम्म्याच्या आसपास. टीबीचा उपचार चालू असलेल्याला तेवढे महिने सॉल्व्हंटवर ठेवूच नका. त्याला जनुकाची तपासणी लागत नाही, उपचाराचं कार्ड पुरतं.

अंबड_सेफ्टी
ठीक. पहिल्याला स्टोअरला हलवलं, दुसऱ्याला पॅकिंगला. ब्यूटाइलऐवजी लॅमिनेटची मागणी टाकलीय. पॅनेलचं कोटेशन परत पाठवायला सांगतोय, त्याच पैशात पूर्ण लाइनची लघवी आणि हवा बसते. नवीन भरतीला लिव्हरची तपासणी किती दिवसांनी ठेवू?

गोदातीर
कामाला लावण्यापूर्वी एक, हिपॅटायटिस बी-सीसह. बी निगेटिव्ह असेल तर लस ०, १, ६ महिने. मग पहिले तीन महिने दर महिन्याला, कारण डीएमएफची इजा बहुतेक याच काळात उघडी पडते. पुढे सहा महिन्यांनी. कंत्राटी माणसालाही हेच, आणि सोडून जाणाऱ्याची शेवटची तपासणी त्याच्या हिशेबाच्या आधी.